सगळे विषय सुटले, तरी डिग्री अडते ती कुठे?

आठव्या सेमिस्टरचा निकाल लागतो. मोबाईलवर एकेका विषयापुढे पास दिसतं, घरात कुंदा, ही आपली बेळगावची मिठाई, येतो, गल्लीभर सांगून होतं. मग नोकरीच्या ठिकाणी कागद द्यायचे म्हणून पोरगं कॉलेजच्या ऑफिसात जातं, तेव्हा कळतं की आठव्याचं ग्रेड कार्ड निघालेलंच नाही. ॲक्टिव्हिटी पॉइंट, म्हणजे समाजातल्या कामाचे गुण, अपुरे आहेत. "पास झालाय की पोरगा, मग डिग्री कशाला अडली?" असं वडील विचारतात, आणि त्यांचं काही चूक नाही. त्यांच्या वेळी पास म्हणजे पास होतं.

आता विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची, म्हणजे बेळगावजवळच्या मच्छेच्या आपल्या व्हीटीयूची बी.ई. मिळवायची तर अनेक हिशेब एकाच वेळी पुरे व्हावे लागतात. क्रेडिटचा एक, मार्कांचा एक, सरासरीचा एक, हजेरीचा एक आणि बाकी सटरफटर वाटणाऱ्या गोष्टींचा एक. अवघड विषयांची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून त्यांची तयारी होते. डिग्री बहुतेक वेळा अडते ती ज्याला शून्य किंवा एक क्रेडिट आहे अशा गोष्टीपाशी. म्हणून या लेखात मोठ्या विषयांपेक्षा या बारक्यांवरच जास्त बोलणार आहे.

त्याआधी एक शब्द पक्का करून घ्या: स्कीम. व्हीटीयू दर काही वर्षांनी अभ्यासक्रम आणि नियम बदलते, आणि त्या संचाला ज्या वर्षी तो लागू झाला त्या वर्षाचं नाव पडतं. २०१८ ची स्कीम, २०२१ ची, २०२२ ची. तुम्हाला कुठली लागू, हे तुम्ही कधी प्रवेश घेतलात त्यावर ठरतं. यूएसएन, म्हणजे तुमचा विद्यापीठाचा सीट नंबर, बघा. सुरुवातीचा २ हा आकडा म्हणजे बेळगाव विभाग, पुढची दोन अक्षरं कॉलेजची, मग प्रवेशाच्या वर्षाचे दोन आकडे, मग ब्रँच, शेवटी तुमचा क्रमांक. सीनियरने दिलेला सल्ला खरा असला तरी तो त्याच्या स्कीमचा असतो. चंदगड-गडहिंग्लजकडचा मामेभाऊ कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात शिकत असेल, तर त्याचे नियम तर आपल्याला लागूच नाहीत. सणासुदीला एकत्र बसल्यावर या गोष्टींची हमखास सरमिसळ होते आणि मग घरातले मोठे म्हणतात, "त्याला तर असलं काय करावं लागलं नाही."

आता क्रेडिट. आठवड्याला एक तास लेक्चर असलेल्या विषयाला सेमिस्टरअखेर एक क्रेडिट, आणि आठवड्याला दोन तास प्रॅक्टिकल असेल तर त्यालाही एकच. चार क्रेडिटचा विषय म्हणजे तेवढं जास्त काम. २०१८ च्या स्कीममध्ये चार वर्षांत १७५ क्रेडिट मिळवायचे होते, २०२१ आणि २०२२ च्या स्कीममध्ये ते १६० वर आणले. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना पहिल्या वर्षाचे ४० सोडून बाकीचे १२० मिळवायचे. विषयात पास झालात की त्याचे क्रेडिट पूर्ण तुमच्या नावावर चढतात, नापास झालात की शून्य. अर्धे मिळत नाहीत. विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं, ही क्रेडिटची पद्धत आली २०१५ ला. त्यामुळे ज्यांचे काका किंवा मोठे भाऊ त्याआधी शिकले त्यांना टक्के आणि फर्स्ट क्लास एवढंच माहीत असतं.

पास होणं म्हणजे काय, इथे पहिली फसगत आहे. २०२२ च्या स्कीमचं उदाहरण घेऊ. लेखी विषयाला इंटर्नल, म्हणजे कॉलेजातल्या टेस्ट-असाइनमेंटचे, ५० आणि एक्स्टर्नल, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेचे, ५०. एक्स्टर्नलचा पेपर असतो १०० मार्कांचा, पाच मॉड्यूल, प्रत्येकात दोन प्रश्नांपैकी एक पूर्ण सोडवायचा, आणि मिळालेले मार्क नंतर निम्मे होतात. इंटर्नलला किमान २० हवेत, एक्स्टर्नलला किमान १८. पोरं हे दोन आकडे पाठ करतात आणि थांबतात. पण तिसरी अट आहे: दोन्ही मिळून ४० हवेत. आता बेरीज करून बघा. २० आणि १८ म्हणजे ३८. दोन्हीकडे पास आणि विषयात नापास! इंटर्नलला काठावर २० असतील तर एक्स्टर्नलचा पेपर १०० पैकी ४० चा गेला पाहिजे, ३६ चालणार नाहीत. इंटर्नलला ३५ असतील तर मात्र ३६ मध्ये आरामात सुटतो. म्हणून टेस्ट आणि असाइनमेंटचे मार्क "ते काय, देतातच" म्हणून सोडू नका. आणि इंटर्नलच २० च्या खाली राहिलं तर त्या विषयाच्या परीक्षेलाच बसता येत नाही. तो विषय पुन्हा नोंदवून, पुन्हा टेस्ट देऊन, मग परीक्षा. नुसत्या बॅक राहण्यापेक्षा, म्हणजे फक्त परीक्षेत विषय राहण्यापेक्षा, हे जास्त महाग पडतं, वेळेनेही आणि पैशानेही. २०१८ च्या स्कीममध्ये इंटर्नल ४० आणि एक्स्टर्नल ६० होतं, त्यामुळे तिथले किमान आकडे वेगळे.

दुसरी फसगत याहून मोठी, आणि ती बऱ्याच जणांना शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊकच नसते. मार्कांवरून श्रेणी मिळते आणि श्रेणीवरून पॉइंट. ९० च्या वर ओ म्हणजे १०, ८० च्या वर ए प्लस म्हणजे ९, ७० च्या वर ए म्हणजे ८, ६० च्या वर बी प्लस म्हणजे ७, ५५ च्या वर बी म्हणजे ६, ५० च्या वर सी म्हणजे ५, आणि ४० ते ४९ ला पी, म्हणजे ४. या पॉइंटना त्या त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. एका सेमिस्टरचं आलं ते एसजीपीए, सगळ्या सेमिस्टरचं मिळून सीजीपीए. समजा चार क्रेडिटच्या गणितात ए मिळाला: ४ गुणिले ८, बत्तीस. तीन क्रेडिटच्या विषयात पी: बारा. एक क्रेडिटच्या विषयात ओ: दहा. बेरीज ५४, क्रेडिट ८, सरासरी ६.७५.

आता विचार करा, एखाद्याने प्रत्येक विषय ४० ते ४९ मध्ये काढला. एकही बॅक नाही. १६० क्रेडिट पूर्ण. पण सगळीकडे ४ पॉइंट, म्हणून सीजीपीए ४. आणि विद्यापीठाच्या क्रेडिट पद्धतीच्या नियमांत डिग्रीसाठी सीजीपीए किमान ५ लागतो. म्हणजे सगळे विषय सुटलेला मुलगा डिग्रीला पात्र नाही. मला हा नियम कडक वाटतो, पण आहे तो असा आहे. यातून वाट आहे: काही लेखी विषयांचा एक्स्टर्नलचा निकाल नाकारून पुन्हा परीक्षा द्यायची आणि सरासरी वर आणायची. प्रोजेक्ट, प्रॅक्टिकल, इंटर्नशिप यांना ही सोय नाही. तेव्हा पहिल्या दोन वर्षांत काठावर चाललेल्यांनी प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपच्या हात धुऊन मागे लागावं. तिथे क्रेडिट जास्त असतात आणि मार्क तुलनेने बरे मिळतात. सरासरी तिथेच उचलली जाते.

बारक्या गोष्टींत सगळ्यात आधी येतो कन्नडचा पेपर, कारण आपल्या भागात त्यावरून चर्चा फार होते. २०२२ च्या स्कीममध्ये पहिल्या वर्षाला एक क्रेडिटचा कन्नड विषय आहे आणि त्याचे दोन प्रकार आहेत. ज्यांना कन्नड लिहिता-वाचता येतं त्यांच्यासाठी सांस्कृतिक कन्नड, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी बळके कन्नड, म्हणजे रोजच्या वापरापुरतं. २०१८ च्या स्कीममध्ये त्याऐवजी आडळित कन्नड आणि व्यावहारिक कन्नड अशी जोडी होती. मराठी माध्यमातून दहावी झालेली आपली पोरं इथे बुचकळ्यात पडतात. शाळेत कन्नड होतं, बाजारात बोलता येतं, बसवरची पाटी वाचता येते, पण कन्नडमधला साहित्याचा धडा वाचून उत्तर लिहिणं वेगळं. उगाच प्रतिष्ठेचा प्रश्न न करता जे झेपतं ते घ्यावं. दोन्हींचं क्रेडिट सारखंच आणि ग्रेड कार्डावर वजनही सारखंच. हा विषय घ्यायचा की नाही यावर कॅन्टीनमध्ये कितीही वाद घाला, पण राहिला तर बाकी १५९ क्रेडिट असूनही डिग्री नाही.

तसंच भारतीय संविधान, तसंच आरोग्याचा विषय, तसंच मानवी मूल्यांचा. एकेका क्रेडिटचे. अभ्यासाला दोन संध्याकाळी पुरतात, पण त्या दोन संध्याकाळी द्याव्या लागतात.

यांच्याही खाली शून्य क्रेडिटवाल्यांची रांग आहे. दुसऱ्या वर्षापासून एनएसएस, शारीरिक शिक्षण किंवा योग यांपैकी एक घ्यावं लागतं. मार्कांच्या सरासरीत त्याचा काही उपयोग नाही, पण पूर्ण केल्याची नोंद नसेल तर पदवी नाही. डिप्लोमाहून आलेल्यांना २०१८ आणि २०२१ च्या स्कीममध्ये तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला जादा गणित होतं. त्यालाही क्रेडिट नव्हतं, पण पास होणं सक्तीचं होतं. डिप्लोमाची पोरं वर्कशॉपमध्ये इतरांना भारी पडतात, आणि बिनक्रेडिटचं म्हणून हे गणित मागे ठेवत जातात. मग शेवटच्या वर्षी नोकरीची ऑर्डर हातात आणि दुसऱ्या वर्षाचं गणित डोक्यावर, अशी अवस्था होते.

आणि आता ते ॲक्टिव्हिटी पॉइंट, ज्यांनी सुरुवातीलाच कुंद्याची चव घालवली. ही मूळ कल्पना एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची. इंजिनिअर होणाऱ्याने चार वर्षांत गावात, समाजात काहीतरी काम करावं, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या वर्षापासून आलेल्याला १०० पॉइंट, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याला ७५. क्रेडिट नाही, सीजीपीएत धरत नाहीत. काम शनिवार-रविवारी, सुट्टीत, चार वर्षांत कधीही करता येतं, पण किमान तासांची अट आहे आणि एकाच उपक्रमात सगळे पॉइंट मिळत नाहीत. आठव्याच्या परीक्षेपर्यंत ते पूर्ण झाले नाहीत, तर ते भरेपर्यंत आठव्याचं ग्रेड कार्ड मिळत नाही. आणि आठव्याचं ग्रेड कार्ड नाही तर पुढचं काहीच नाही.

खरं सांगायचं तर ही योजना वाईट नाही, तिची अंमलबजावणी आळशी होते. सातव्या सेमिस्टरच्या अखेरीस वर्गच्या वर्ग कुठल्यातरी शाळेच्या आवारात उभा राहून झाडासोबत फोटो काढतो, फाइल रंगवतो आणि मोकळा होतो. ज्याची फाइल मार्गदर्शक सरांनी परत केली तो अडकतो. वास्तविक मंजूर उपक्रमांची यादी चांगली मोकळी आहे: गावच्या मालाच्या विक्रीला मदत, पाण्याचं नियोजन, कचऱ्याची व्यवस्था, पर्यटनाला चालना, अन्न टिकवणं आणि पॅकिंग, गावातल्या लोकांना एखादं कौशल्य शिकवणं, स्थानिक शाळेतल्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी तयार करणं. बेळगाव-खानापूरच्या पोराला यासाठी लांब जावं लागतच नाही. आपल्याच गावच्या मराठी प्राथमिक शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सातवीच्या मुलांना गणित शिकवा. येळ्ळूरच्या राजहंसगडावर येणाऱ्यांसाठी माहितीफलक आणि नकाशा तयार करा. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तरी आसपासच्या वाड्यांत उन्हाळ्यात पाणी कसं येतं याची मोजणी करा. बेळगावच्या बासमतीचं घरगुती पॅकिंग करणाऱ्या बचत गटाला ऑनलाइन पैसे घ्यायला शिकवा. हे सगळं त्या यादीत बसतं.

फक्त कागद तिथल्या तिथे करा. काम सुरू करण्याआधी मार्गदर्शकांना विषय सांगून होकार घ्यायचा. प्रत्येक दिवशी तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय केलं, हे एका वहीत. मुख्याध्यापक असोत की पंचायतीचे अध्यक्ष, त्यांची सही-शिक्का काम संपतं त्याच आठवड्यात घ्यायचा. दोन वर्षांनी गेलात तर मुख्याध्यापकांची बदली झालेली असते आणि नवीन सर म्हणतात, "मी काय बघितलो नाही, मी कसं सही करू?" त्यांचंही बरोबर आहे.

हजेरीचं थोडक्यात: प्रत्येक विषयात ८५ टक्के. आजारपण, खेळाच्या स्पर्धा अशा कारणांसाठी दहा टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, म्हणजे ७५ च्या खाली काही खरं नाही. गावची यात्रा हे कारण त्यात बसत नाही, कितीही मोठी यात्रा असली तरी.

इंटर्नशिपवर मात्र थांबायला हवं. २०२२ च्या स्कीममध्ये शेवटच्या वर्षी १४ ते २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे आणि तिला १० क्रेडिट आहेत. म्हणजे दोन-तीन मोठ्या विषयांएवढं वजन. सातवं आणि आठवं सेमिस्टर अदलाबदल करण्याची मुभा कॉलेजला असते, त्यामुळे निम्मा वर्ग आधी इंटर्नशिपला आणि निम्मा नंतर, असंही होतं. सगळे बेंगळुरू-पुण्याकडे बघतात. पण मेकॅनिकल, प्रॉडक्शनवाल्यांना उद्यमबाग आणि मच्छेचे फाउंड्री-मशीन शॉप दाराशी आहेत. तिथे पॅटर्न, कोअर, मेल्टिंगपासून मशीनिंगपर्यंत सगळं एका आवारात बघायला मिळतं, आणि मालक बहुधा मराठीत बोलतो. अडचण येते ती कागदांची. छोट्या कारखान्यात कामाला लगेच घेतील, पण रुजू झाल्याचं पत्र, आठवड्यांची नोंद, शेवटचं प्रमाणपत्र लेटरहेडवर तारखांसह मागून घ्यायचं काम तुमचं. "अरे लागलं की सांग, देतो" यावर विसंबू नका. लागेल तेव्हा मालक धारवाडला लग्नाला गेलेला असतो.

इंटर्नशिपच्या सेमिस्टरला जोडून ऑनलाइन विषयही असतात. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, बारा आठवड्यांचा कोर्स साधारण तीन क्रेडिटला धरला जातो. कोर्सला नाव घालणं फुकट आणि सोपं, म्हणून सगळे घालतात. पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची फी वेगळी, मुदत वेगळी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. कारखान्यात दिवसभर उभं राहून आलेल्या पोराच्या हातून ही तारीख सुटते, आणि पुढची परीक्षा येईपर्यंत तीन क्रेडिटसाठी डिग्री थांबते.

वेळेलाही सीमा आहे. बी.ई. चार वर्षांची, पण पूर्ण करायला जास्तीत जास्त आठ वर्षं. डिप्लोमाहून आलेल्यांना सहा. मधे ठराविक संख्येपेक्षा जास्त विषय राहिले तर पुढच्या वर्षात बसता येत नाही, त्यालाच पोरं इयर बॅक म्हणतात. त्यात एक छुपा त्रास असा की तुम्ही परत येईपर्यंत स्कीम बदललेली असली, तर नव्या स्कीममध्ये जावं लागतं आणि दोन्हींतला फरक भरून काढणारे जादा विषय घ्यावे लागतात.

आपल्या इथली सगळी कॉलेजं एकाच साच्यातली नाहीत, हेही लक्षात असू द्या. गोगटे कॉलेज, म्हणजे जीआयटी, १९७९ चं; ते आता स्वायत्त आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पण डिग्री व्हीटीयूचीच. केएलईचं शेषगिरी कॉलेज आता केएलई तंत्रज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, तिथली डिग्री त्या विद्यापीठाची. बाकी जी कॉलेजं थेट व्हीटीयूशी संलग्न आहेत, त्यांना वर सांगितलेलं जसंच्या तसं. स्वायत्त कॉलेजात असाल तर तुमच्या कॉलेजचं नियमपुस्तक काढा. ढाचा साधारण हाच असतो, पण मार्कांची विभागणी आणि मेकअप परीक्षा, म्हणजे राहिलेल्यांसाठी पुन्हा होणाऱ्या परीक्षा, वेगळ्या असू शकतात.

सगळं झाल्यावर एक शेवटची अडचण सीमाभागातल्या पोरांच्या वाट्याला हमखास येते, ती नावाची. दहावीच्या मार्कलिस्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधारवर आडनाव आधी. बारावीला कुणी आद्याक्षरांवर भागवलेलं. मराठीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून इंग्रजीत नाव लिहिताना एखादा स्वर इकडचा तिकडे झालेला. प्रवेशाच्या वेळी जे नाव नोंदवलं जातं तेच पुढे प्रत्येक ग्रेड कार्डावर छापून येतं. पहिल्या सेमिस्टरचं कार्ड हातात आलं की दहावीच्या मार्कलिस्टशेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, आणि फरक असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या. आठव्या सेमिस्टरला तीच दुरुस्ती आठही कार्डांवर करून घ्यावी लागते, आणि ती होईपर्यंत तात्पुरतं पदवी प्रमाणपत्रही त्याच चुकीच्या नावाने निघतं. कंपनीत रुजू होताना हेच तात्पुरतं प्रमाणपत्र आणि सगळी ग्रेड कार्डं मागतात, कारण मूळ डिग्री पदवीदान समारंभानंतर येते.